उन्हाच्या गावात ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव

सोलापुरात टंचाई कशाची, असे कोणी विचारले तर आपण पाण्याची म्हणू. उन्हाची असे कोणीही म्हणणार नाही. तरीही सात रस्त्यावरील रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या फलकावर ‘ड’ जीवनसत्त्वाचे नाव ठळक अक्षरांत आहे. कॉलेजला जाता-येता मला याचे नवल वाटे.

हे कोडे जुनेच असून ते सुटण्यात आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. लहान मुलांची हाडे वाकविणारा मुडदूस हा रोग दारिद्र्यातून व निकृष्ट अन्नातून येतो, अशी समजूत होती. हचिसन व शाह यांनी नाशिकला केलेली पाहणी 1922 साली प्रसिद्ध झाली. तीत उलटेच दिसले. पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू हिंदू-मुसलमान घरांत मुडदूस पुष्कळ. उघड्यावर राबणाऱ्या, जेमतेम खाणाऱ्या गरिबांची मुले मात्र त्यातून सुटलेली. उणीव अन्नाची नव्हती, उन्हाची होती. त्याच वर्षी अमेरिकेत मॅक्कॉलम यांनी कॉड माशाच्या तेलातील मुडदूस बरा करणारे द्रव्य ओळखले. अ, ब, क ही अक्षरे आधीच दिली गेली होती, म्हणून त्याच्या वाट्याला ‘ड’ आले.

सूर्याचे जंबुपार किरण त्वचेवर पडले की तेथील एका स्निग्ध द्रव्यापासून हे जीवनसत्त्व तयार होते. पुढे यकृत व मूत्रपिंड यांत त्याला कामाचे रूप येते आणि मग आतड्यांतून कॅल्शियम नीट शोषले जाते. हे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत. आपल्याकडे कोवळ्या उन्हाचा महिमा फार. पण त्यात हे किरण अल्पच. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते तेव्हाचे ऊन खरे उपयोगी. सोलापूरच्या मे महिन्यात त्या वेळी उभे कोण राहणार, हा प्रश्न निराळा!

माझी आई विड्या वळते. तेंदूची पाने उन्हात वाळून तडकतात, म्हणून सूप मांडीवर घेऊन दिवसभर घरातच बसावे लागते. तिची कंबर व पिंढऱ्या वर्षभर दुखत होत्या. डॉक्टरांनी तपासणी सांगितली. तिचा खर्च म्हणजे आईची चार-पाच दिवसांची मजुरी. ती म्हणाली, “ऊन कमी झालंय हे कळायला एवढं पैसं?”

तिचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हे. अमेरिकेतील तज्ज्ञांच्याच एका समितीने 2011 साली रक्तात 20 नॅनोग्रॅम पुरेसे मानले, तर अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संस्थेने त्याच वर्षी 30 मागितले. म्हणजे 25 असलेला मनुष्य एका मापाने ठीक, दुसऱ्याने उणा! 2024 साली त्या संस्थेने 30 चा आग्रह सोडला व निरोगी माणसांनी सरसकट तपासणी करू नये असे सांगितले. माझ्यासारख्या धडधाकट मुलाने तिथे पैसे घालवू नयेत, असे माझे मत झाले. आईची गोष्ट वेगळी. तिला दुखणे होते. तिचा आकडा 9 आला.

तिला 60,000 एककांची पुडी, आठवड्याला एक, अशी आठ आठवडे दिली आहे. प्रौढांची रोजची गरज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 साली 600 एकके ठरविली. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा साठा. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज जात नाही. अति झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते, ओकाऱ्या होतात, मूत्रपिंडे बिघडतात. आईने मात्र गुडघे दुखणाऱ्या शेजारच्या मावशींना मायेने दोन पुड्या देऊन टाकल्या होत्या. त्या मी परत आणल्या व मावशींना डॉक्टरांकडे घेऊन गेलो.