साथीच्या दिवसांतील बातमी आणि वस्तीची उभारी

साथीचा रोग शहरात शिरला की औषधाच्याही आधी माणूस बातमी शोधू लागतो. रोग कोठवर आला, दुकाने केव्हा उघडणार, रेशन मिळणार की नाही, कामावर जायचे की घरी थांबायचे, हे प्रश्न २०२० व २०२१ या दोन वर्षांत नागपुरातील प्रत्येक घराने विचारले. त्यांची उत्तरे कोणापर्यंत वेळेवर पोहोचली व कोणापर्यंत पोहोचली नाहीत, आणि त्यामुळे पुढे कोण लवकर सावरले व कोण मागे राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. आम्ही डॉक्टर नाही, पत्रकारही नाही. बँकेत कारकून आहोत. काऊंटरच्या अलीकडून जे दिसले व वस्तीत राहून जे कळले, तेवढ्याच आधारावर हे लिहीत आहोत.

नागपूरला साथ नवी नाही. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक हानी झालेल्या भागांपैकी एक होता. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दशक पुन्हा आलेले नाही. त्याच १९१८ साली नागपुरात किसन फागुजी बनसोडे यांनी ‘मजूर पत्रिका’ सुरू केली. त्याआधी १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’ आणि १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’ ही पत्रे त्यांनी काढली होती. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ मुंबईत निघाले. ज्या समाजाला वाचायला शिकू दिले गेले नव्हते, त्या समाजातील माणसांनी पदरमोड करून वृत्तपत्रे काढली, कारण आपल्या माणसाच्या कामाची बातमी दुसरा कोणी आणून देणार नाही हे ते जाणून होते. ‘मूकनायक’ची शताब्दी आपण ३१ जानेवारी २०२० रोजी साजरी केली, आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आतच नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. शताब्दीच्या भाषणांचा कस लागण्याची वेळ इतक्या लवकर येईल असे कोणाला वाटले नव्हते.

तो दिवस ११ मार्च २०२०. बावीस तारखेला जनता कर्फ्यू आणि पंचवीस तारखेपासून देशभर टाळेबंदी. एप्रिलमध्ये सतरंजीपुरा व मोमिनपुरा हे भाग सील झाले. चोवीस लाखांवर लोकसंख्येचे (२०११ च्या जनगणनेप्रमाणे) हे शहर जणू शेकडो लहान लहान गावांत वाटले गेले. बांबू बांधलेल्या गल्लीच्या पलीकडे काय चालले आहे ते अलीकडच्या माणसाला कळेना. अशा वेळी वृत्तपत्राची सर्वांत जास्त गरज, पण कागदातून रोग येतो या भीतीने अनेक घरांनी पेपर बंद केला. १८ एप्रिलला राज्य शासनाने घरोघरी पेपर टाकण्यासच मनाई केली. वृत्तपत्र छापता येईल, पण दारात टाकता येणार नाही, असा तो आदेश होता. त्याविरुद्ध ओरड झाली, पत्रकारांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि काही दिवसांतच मुंबई, पुणे व प्रतिबंधित क्षेत्रे वगळता ही मनाई मागे घेण्यात आली. तोपर्यंत सवय मात्र मोडली होती. वस्तीतील पेपर टाकणाऱ्या मुलांचा महिना गेला आणि त्यांची जागा मोबाईलने घेतली. मोबाईलवर बातमी येत नव्हती असे नाही, परंतु ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, नागपूरची की आणखी कोठली, याचा त्यात पत्ता नसे.

याचा परिणाम आम्ही एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात पाहिला. महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल, मे व जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा होतील, अशी घोषणा केंद्र शासनाने २६ मार्चला केली होती. गर्दी होऊ नये म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकाप्रमाणे दिवस ठरविण्यात आले. शून्य व एक असल्यास ३ एप्रिल, दोन व तीन असल्यास ४ एप्रिल, याप्रमाणे ९ एप्रिलपर्यंत. व्यवस्था चांगली होती. पण त्याच वेळी एक अफवा पसरली की पैसे ताबडतोब काढले नाहीत तर सरकार ते परत घेईल. मग काय विचारता! पहाटेपासून रांगा लागल्या. म्हाताऱ्या आया, लहान मूल कडेवर घेतलेल्या बाया, उन्हात उभ्या. एकमेकांपासून अंतर ठेवा हे सांगून शिपायाचा घसा बसला. ज्या रोगाच्या भीतीने सारा देश घरात बसविला होता, त्या रोगाला पाचशे रुपयांच्या अफवेने रांगेत आणून उभे केले. बँकांनी व शासनाने खुलासा केला की पैसे खात्यातच राहतील, केव्हाही काढता येतील. हा खुलासा वृत्तपत्रांत आला, टीव्हीवरही आला. पण रांगेतील बाईकडे पेपर येत नव्हता, आणि अफवा मात्र शेजारणीच्या तोंडून आली होती. शेजारीण खोटे कशाला बोलेल?

येथे विचार करण्यासारखी गोष्ट आहे. अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला आपण चटकन अडाणी म्हणून मोकळे होतो. ते आम्हाला मान्य नाही. ज्या माणसाचे पैसे आजवर कोठे ना कोठे अडकले आहेत, त्याला ‘परत घेतील’ हे खरे वाटते, कारण त्याचा अनुभव तसा आहे. बातमी खरी असून भागत नाही, ती ओळखीच्या माणसाने, समजेल अशा शब्दांत, वेळेवर सांगावी लागते. केसमुत्तीच्या कालामांना भगवंतांनी केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका असे सांगितले, हे आपण विहारात दरवर्षी ऐकतो. परंतु पडताळून पाहण्याचे साधन ज्याच्या हाती नाही, त्याने पडताळायचे कसे? ते साधन देणे हे शिकलेल्यांचे काम होते.

आमच्या वस्तीत हे काम एका फळ्याने केले. विहाराचे दार राज्यातील इतर प्रार्थनास्थळांप्रमाणे १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत बंदच होते, पण फळा बाहेरच्या भिंतीवर होता. एरवी त्यावर वंदनेची वेळ व वर्गणीची यादी असे. १४ एप्रिलची जयंती त्या वर्षी घरोघरी साजरी झाली. ना मिरवणूक, ना संविधान चौकातील गर्दी. त्याच सुमारास बी.ए.च्या दोन विद्यार्थिनींनी तो फळा हाती घेतला. त्यांनी तीन नियम केले. बातमीपुढे तारीख घालायची, ती कोठून मिळाली ते लिहायचे, आणि खाली स्वतःचे नाव लिहायचे. चुकीची निघालेली बातमी पुसून टाकायची नाही, तिच्यावर काट मारून शेजारी दुरुस्ती लिहायची. हा चौथा नियम महिला मंडळातील एका आजींनी सुचविला. पुसून टाकले तर ज्याने काल वाचले त्याला चुकले हे कळणार कसे, असे त्यांचे म्हणणे होते. आम्हाला विचाराल तर पत्रकारितेच्या वर्गात शिकवावी अशी ही गोष्ट आहे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी संध्याकाळी पाण्याच्या वेळी एक मुलगी फळा मोठ्याने वाचून दाखवी.

फळ्यावर आमच्याकडे सोपविलेले काम बँकेच्या बातम्यांचे होते. त्यांतील सर्वांत कठीण बातमी कर्जाच्या हप्त्यांची. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिन्यांची सवलत जाहीर केली आणि मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. लोकांनी अर्थ घेतला, हप्ते माफ झाले. वास्तविक हप्ता फक्त पुढे ढकलला होता, व्याज चालूच होते. ऑटोरिक्षासाठी किंवा घरासाठी काढलेल्या कर्जाची तीन लाख रुपये बाकी असेल आणि व्याज दसादशे नऊ असेल, तर महिन्याचे व्याज सव्वादोन हजार आणि सहा महिन्यांचे साडेतेरा हजार. एवढी रक्कम सवलत घेणाऱ्याच्या डोक्यावर बसली. पुढे ‘व्याज माफ’ असे मथळे आले तेव्हा पुन्हा आनंदीआनंद. प्रत्यक्षात शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये जे परत दिले ते व्याजावरचे व्याज होते. वरील उदाहरणात ते सुमारे अडीचशे रुपये भरते. साडेतेरा हजार कोठे आणि अडीचशे कोठे! ज्यांचा पगार चालू होता त्यांनी हप्ता भरत राहणे हिताचे होते, ज्यांची चूल बंद होती त्यांना सवलत घेण्यावाचून इलाज नव्हता. हा हिशेब फळ्यावर आकड्यांनिशी मांडला तेव्हा कित्येकांनी चालू पगारातून हप्ता भरणे पसंत केले.

दुसरी लाट विदर्भाने राज्याच्या आधी पाहिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडे रुग्ण वाढू लागले आणि १५ मार्चपासून नागपूर पुन्हा बंद झाले. १४ एप्रिलला जयंतीच्याच दिवशी रात्री आठपासून साऱ्या राज्यात निर्बंध लागू झाले. ते दिवस आठवले की आजही लिहिणारा हात थांबतो. रेमडेसिविरसाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला आदेश द्यावे लागले. विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजनची रेल्वेगाडी २३ एप्रिलला नागपुरात पोहोचली आणि तिच्यातील तीन टँकर येथे उतरविले गेले. या काळात मोबाईलवर ‘अमुक ठिकाणी बेड रिकामा आहे’ असे निरोप फिरत. निरोप खरा असे, पण सकाळचा असे. संध्याकाळी रुग्णाला घेऊन तेथे पोहोचणाऱ्या कुटुंबाला तो शिळा निरोप किती महागात पडला, ते ज्याचे त्यालाच माहीत. तारीख व वेळ नसलेली बातमी किती घातक ठरू शकते, याचा याहून मोठा पुरावा आम्हाला माहीत नाही.

आता उभारीविषयी. रोग ओसरल्यावर सावरण्याची खरी लढाई कागदांची होती, आणि या लढाईत बातमीअभावी आपले अनेक लोक हरले. एक उदाहरण पुरे. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचे वर्षाचे ३३० रुपये त्या वेळी अनेकांच्या खात्यातून मे महिन्यात कापले जात. पासबुकात तशी नोंद असे. मृत्यू कोरोनाने झाला असला तरी, योजनेच्या अटींत बसत असल्यास, वारसाला दोन लाख रुपये मिळत. दुसरी सुरक्षा विमा योजना, तिचे १२ रुपये. ती अपघाताची असल्याने रोगाने मृत्यू झाल्यास तिच्यातून काही मिळत नसे. मोबाईलवरील निरोपांत या दोन्ही योजनांची सरमिसळ झाली होती. १२ रुपयेवाली माणसे आशेने बँकेत येत व निराश होऊन परत जात, आणि ते पाहून ३३० रुपयेवाल्यांच्या विधवा घरीच बसून राहत. नवऱ्याने हयातीत सांगितले नव्हते आणि पासबुक कोणी उलगडून पाहिले नव्हते. आमच्या वस्तीत विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन पासबुके पाहिली, तेव्हा अशी काही घरे सापडली. त्यांच्यापैकी एका बाईंनी मिळालेल्या पैशांतून सासऱ्यांची उधारी फेडली, उरलेल्यांतून शिलाई यंत्र घेतले आणि मुलीचे कॉलेज सुटू दिले नाही.

पन्नास हजारांच्या सानुग्रह साहाय्याचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यास मान्यता दिली. मृत्यूच्या दाखल्यावर कोरोना लिहिलेले नसले तरी, तपासणीत रोग निघाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू झाला असल्यास अर्ज करता येत होता. दाखल्यावर ‘हृदयविकार’ हा शब्द पाहून ज्यांनी आशा सोडली होती, त्यांच्यासाठी हीच ओळ महत्त्वाची. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी साठ दिवसांची मुदत होती, ती २३ मे २०२२ ला संपली. आईवडील दोघेही गमावलेल्या मुलांसाठी राज्याची पाच लाखांची मुदत ठेव, ठेलेवाल्यांसाठी जून २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेचे १० हजारांचे पहिले कर्ज, या गोष्टीही ज्याला कळल्या त्यालाच मिळाल्या. भाजीचा ठेला किंवा पानठेला पुन्हा उभा राहण्यास दहा हजार पुरतात की नाही हा वेगळा प्रश्न. पण ज्याने ते फेडले त्याला पुढे वीस हजार मिळाले, आणि सावकाराचे दार काही महिने तरी टळले.

२०२० व २०२१ या दोन्ही वर्षी दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा नेहमीचा जनसागर नव्हता. २०२२ मध्ये तो पुन्हा आला, पुस्तकांचे स्टॉल लागले, आणि लोक म्हणाले, सारे पूर्ववत झाले. आमच्या फळ्यावरही पुन्हा वर्गणीची यादी आली आहे. ते आम्हास बरे वाटत नाही. संस्थेच्या विद्यार्थी सभासदांना आमची विनंती आहे की फळ्याचा अर्धा भाग बातमीसाठी राखावा आणि दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुके पाहण्याची फेरी पुन्हा काढावी. जून २०२२ पासून जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये झाले आहेत. दोन्ही रकमा ३१ मेपर्यंत कापल्या जातात, आणि खात्यात तेवढी शिल्लक नसली तर विमा आपोआप बंद पडतो. नव्याने नाव घालायचे असल्यास जीवनज्योतीसाठी वय १८ ते ५० हवे. फेरीत प्रत्येक घरी वारसाचे नाव लावले आहे का तेवढे विचारावे, आणि उत्तर वहीत तारखेसह लिहावे.