वाटी रिकामी, पोरही उपाशी

उष्टावणाला मामाने खीर चाटवली, लेकीने मिटक्या मारल्या आणि आमच्या अंजूरच्या घरात कौतुकाला ऊत आला. दुसऱ्या दिवसापासून मी वरणाचं पाणी सुरू केलं. वरची निवळ, तीही गाळून. जोडीला पातळ पेज. पोर वाटीभर गटागट प्यायची. मला वाटायचं, किती गुणाची!

दोन महिन्यांनी अंगणवाडीत वजन केलं, तर जेमतेम शंभर ग्रॅमची भर. ताई रागावल्या नाहीत. "काय भरवतेस ते उद्या घेऊन ये," एवढंच म्हणाल्या. मी वाटी नेली. त्यांनी चमचा भरला, तिरका केला. सगळं घळकन खाली.

"पाण्यानेच पोट भरतंय गं तिचं. डाळ कुठाय?"

डाळ माझ्या ताटात होती.

त्या दिवसापासून गाळणी बंद. घरच्या तांदळाचा गुरगुट्या भात, डाळ, थेंबभर तूप, हाताने कुस्करून. चमचा तिरका केला तरी घास जागचा हलत नाही इतपत घट्ट. खरं तर नियम असा: सहा महिने पूर्ण झाले की दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात. मग हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. अंगावरचं दूध चालूच. मीठ-साखर वर्षभर नाही.

पहिल्या घट्ट घासाला तिला उबळ आली आणि माझं अवसान गळालं. बाळ खोकतंय, आवाज येतोय, तोवर ते स्वतःच घास बाहेर काढतं. आवाजच बंद झाला, ओठ निळे पडले, तर मात्र घास अडकलाय, तिथे क्षणही दवडायचा नाही. म्हणून भरवायचं ते बसवूनच. अख्खे शेंगदाणे नकोत, बारीक कूट चालतं.

सासूबाईंशी दोनदा वाजलं. मध चाटवायचा त्यांचा हट्ट मी मोडला. वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझमचा धोका असतो, तो जिवावर बेततो. मासळीच्या बाबतीत मात्र मीच चुकले. "वर्षाची होऊ दे," म्हणत अंडं-मासळी लांब ठेवली. आईकडून आलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या आसपास सरत येतो. नेमकं तेव्हाच मी हात आखडला. आता सासूबाई पापलेटचा तुकडा उकडतात, दोन बोटांत चुरतात, उजेडात धरून काटे बघतात. मी पुन्हा बघते. त्यांना त्याचा राग येतो, येऊ दे.