अहिराणी भाषा व ती बोलणारे लोक

वाचावयाचा भाग : प्रेषितांचीं कृत्यें १४:८-१८

लुस्त्र नगरांत पांगळा मनुष्य चालूं लागला, तेव्हां लोक आपल्या लुकवनी भाषेंत ओरडले कीं, देवच मनुष्यरूपानें उतरले आहेत. पौल व बर्णबा यांस तें बोलणें त्या वेळीं उमगलें नसावें; कारण याजक बैल व माळा घेऊन आला, तेव्हांच ते लोकांस आवरावयास धांवले. श्रोत्यांस आपली भाषा कळते, एवढ्यावरून त्यांची भाषा आपणांस कळते असें होत नाहीं.

आपल्या नाशिक जिल्ह्यांत अहिराणी बोलणाऱ्या गांवीं जाणाऱ्या उपदेशकानें हें ध्यानांत ठेवावें. बागलाण, मालेगांव, कळवण, देवळा व नांदगांव या तालुक्यांत पुष्कळ घरीं ही भाषा चालते. तिचें मुख्य घर खानदेश, म्हणजे धुळें, नंदुरबार व जळगांव हे जिल्हे. १८६९ सालीं नाशिक जिल्हा निराळा झाला, तेव्हां मालेगांव-बागलाणाकडील मुलूख खानदेशांतून इकडे आला. म्हणून जिल्ह्याची सीमा एक व भाषेची दुसरी. २०११ च्या खानेसुमारींत खानदेशी भाषा बोलणारे सुमारें १८ लक्ष ६० हजार नोंदले गेले. त्यांत आपली मातृभाषा अहिराणी म्हणून सांगणारे सर्वांत अधिक.

कित्येक जण हिला अशुद्ध मराठी म्हणतात. तें खरें नव्हे. ग्रिअर्सन साहेबांच्या भारतीय भाषांच्या पाहणींत (खंड ९, १९०७) खानदेशी ही भिल्ली भाषांच्या शेजारीं, मराठीहून निराळी मांडली आहे. त्या पाहणींत भाषांचा नमुना म्हणून आपल्या प्रभूचा उधळ्या पुत्राचा दृष्टांत त्या त्या बोलींत लिहून घेतला होता. अहिराणींत मराठी, गुजराती व भिल्ली यांच्याशीं साम्य दिसतें, तरी तिचे नियम तिचेच आहेत.

मराठींत 'आहे', अहिराणींत 'शे'. 'मला' तेथें 'माले', 'घरांत' तेथें 'घरमा', 'रामाचा' तेथें 'रामना', 'तो जातो' तेथें 'तो जास'. मुलगा तो 'आंडोर', मुलगी ती 'आंडेर'. 'ळ' च्या जागीं पुष्कळदां 'य' येतो : शाळा ती 'शाया', डोळा तो 'डोया'.

येथेंच घोटाळा होतो. 'मना बाप' म्हणजे माझा बाप. मराठी मनुष्य मात्र त्यांत 'मन' शोधूं लागतो. 'काया' ऐकून त्यास शरीर वाटतें, पण बोलणारा काळा रंग सांगत असतो.

म्हणून शास्त्र मराठींत वाचून झाल्यावर एखाद्या वृद्ध बाईस म्हणावें, "आजी, हें आपल्या बोलींत सांगा." ती काय समजली व काय राहिलें, तें लागलेंच कळेल. कोणी अहिराणींत प्रार्थना केली तर हसूं नये. जिचें दुःख तिच्याच शब्दांत बाहेर पडतें, तिला परके शब्द शोधावयास लाविलें तर ती गप्प बसेल, व तिची मुलेंहि आपल्या आईच्या भाषेस लाजूं लागतील. पेत्राची बोली गालीली म्हणून ओळखूं आली (मत्तय २६:७३). तरी प्रभूनें आपलीं मेंढरें चारावयास त्यासच सांगितलें.

प्रश्न
१. लुस्त्र येथें प्रेषितांस लोकांचा हेतु केव्हां कळला?
२. 'माले', 'शे', 'घरमा' यांचे अर्थ सांगा.
३. आपल्या मंडळींत कोण कोण घरीं निराळी भाषा बोलतात? त्यांतील कोणी प्रार्थनेच्या वेळीं गप्प राहतो काय?