ते औषध घरात कशाला?

अमरावती,
20 नोव्हेंबर 2025

प्रिय शमू,


तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र विनूच्या हाती पाठवते. सूनबाईनं मला सगळं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. फवारणी कधीच संपली, मग औषधाचा डबा शेतातल्या खोपडीतून घरी आणून माळ्यावर कशाला ठेवलास? सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझा जन्म गेला आहे. मला समजावू नकोस. तो हलवायला तिला सांगितलंच आहे, पण मला तो तुझ्या हातानं गेलेला हवा. शेजारच्या काकांकडे देऊन ये, मग पुढचं वाच.

पाळकसाहेबांना जे बोललास तेही कानावर आलं. प्रार्थना धरली तेव्हापासून सगळं बिघडतच गेलं, आता उपासनेला येणार नाही, असं म्हणालास म्हणे. उपासनेचं राहू दे. तू दिवस दिवस विहिरीपाशी एकटा बसतोस, कुणाशी बोलत नाहीस, याचा मला राग आला. घरात बायको आहे, लेकरू आहे, काही विचार?

खोटं मात्र बोलला नाहीस. आधी सोयाबीन पिवळं पडलं, सोंगणीला पावसानं गाठलं. हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला, अन् व्यापाऱ्यानं ओल दाखवून तुझा माल कितीतरी खाली घेतला. त्यात सूनबाईचं ऑपरेशन.

निर्गमाचा पाचवा अध्याय तुझा बाबा मंडळीत किती वेळा वाचायचा! पण त्याला समुद्र दुभंगण्याची फार घाई. तू मधलं वाच. मोशे देवाच्याच सांगण्यावरून फारोकडे गेला, अन् झालं काय, तर मजुरांना मिळणारं भूस बंद आणि विटांचा आकडा तोच. मुकादमांनी मार खाल्ला. तेव्हा मोशेनं देवालाच विचारलं, मला पाठवलंस कशाला, तू तर यांना सोडवलंच नाहीस. देव त्याच्यावर चिडला नाही. तुझं बोलणंही मला त्याच जातीचं वाटतं. फक्त बिचाऱ्या पाळकसाहेबांना ऐकवलंस. अंगणात उभा राहून देवाशी भांड. मोठ्यानं भांड.

पंडिता रमाबाईंची गोष्ट आपण फार गोड करून सांगतो. दुष्काळानं आईबाप नेले, 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून पुढं सगळं सुरळीत झालं, असंही नाही. 1921 मध्ये एकुलती एक लेक मनोरमा त्यांच्याआधी गेली. बाई मराठी बायबलाच्या कामाला लागलेल्या होत्या, ते पुरं केलं, अन् 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. लेक आधी का गेली, याचं उत्तर त्यांना मिळालं का, मी काय सांगू? त्या देवाला धरून राहिल्या, अन् केडगावात त्यांच्याभोवती माणसं होती. तू माणसांपासून तुटून बसलास, याचीच मला जास्त काळजी वाटते.

तो डबा दिलास ना?

मी नर्सिंगला होते तेव्हा अतिपावसानं तुझ्या बाबाची सगळी पऱ्हाटी सडली होती. मी त्याला पोस्टकार्डावर एक वचन लिहून पाठवलं, धीर धर म्हणून. जायला हवं होतं रे. बस होती, सुट्टी मिळाली असती. भाऊ तगला, पण ते कार्ड त्यानं मरेपर्यंत बायबलात जपून ठेवलं. मला त्याचीच लाज वाटते.

म्हणून वचनं पुरे. शनिवारी सकाळच्या एसटीनं येते. सोसायटीचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी, जे कागद असतील ते काढून ठेव, आपण मिळून बघू. तोवर रात्री डोक्यात काही वाईट आलं तर 14416 ला फोन लाव. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, अन् त्यानं विश्वासाला काही बट्टा लागत नाही. नाहीतर मला लाव. रात्रीचे दोन वाजले तरी लाव, मला तशीही झोप कुठं येते?

सूनबाईला स्वयंपाकाला लावू नकोस, टाक्यांवर ताण येईल. पातोड्यांचा रस्सा मी करीन, बेसन इथूनच आणते. तू फक्त मूर्तिजापूरच्या स्टँडवर ये. पिशवी जड असेल, अन् मला तुला बघायचंय.

तुझी,
आत्या