अम्लाचा हिशेब : माप आणि वजन

आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी. रसायनशास्त्राशी आमचा परिचय मॅट्रिकपुरताच. तथापि काही वर्षांपूर्वी वखारीत घडलेल्या एका प्रसंगामुळे हा विषय आम्हांस पुन्हा अभ्यासावा लागला. इन्व्हर्टरच्या कोऱ्या बॅटरीत भरावयाचे अम्ल घरीच तयार करावे, असे आमच्या चिरंजीवांनी ठरविले. हिशेब असा मांडला : बाटलीतील गंधकाम्ल ९८ टक्के, हवे ते ३७ टक्के, ९८ भागिले ३७ म्हणजे २.६५, सबब एक लिटर अम्लास १.६५ लिटर पाणी. आकडेमोड बिनचूक, उत्तर मात्र चूक!

कारण हे टक्के वजनाचे असतात, मापाचे नव्हेत. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर कोंडा यांचे वजन सारखे भरत नाही, हे बेगमबाजारातील पोरही जाणते. एक लिटर तीव्र गंधकाम्ल १,८४० ग्रॅम भरते; त्यात शुद्ध अम्ल सुमारे १,८०३ ग्रॅम. हे एकंदर वजनाच्या ३७ टक्के व्हावयाचे, तर मिश्रण ४,८७३ ग्रॅम हवे. म्हणजे पाणी ३,०३३ ग्रॅम, तीन लिटरांहून किंचित अधिक. चिरंजीवांच्या हिशेबाने मिश्रण जवळजवळ ५२ टक्के तीव्र होऊन बॅटरीची हानी झाली असती.

आणखी एक नवल. एक लिटर अम्ल व तीन लिटर पाणी मिळून, थंड झाल्यावर, चार लिटर न भरता सुमारे ३.८ लिटरच भरते. वजनात तूट नाही. केवळ कण परस्परांस अधिक जवळ येतात. आमच्या मुनीमजींस हा मेळ अद्याप पटलेला नाही.

परंतु खरी चूक हिशेबाबाहेरची होती. चिरंजीवांनी अम्लात पाणी ओतले. पाणी हलके, ते वरच राहते. मिश्रणाच्या उष्णतेने तत्क्षणी उकळते व अम्लासह उडते. पहिल्याच धारेस शिंतोडे उडाले. नळाखाली बराच वेळ हात धरला, तरी मनगटावरील डाग आजही आहे. डोळे वाचले, हे दैव. बंधुभगिनींनी ध्यानात ठेवावे : आधी पाणी, मग त्यात अम्ल, बारीक धारेने, ढवळीत आणि थांबत थांबत, हातमोजे व चष्मा घालूनच.

चालू बॅटरीत पातळी उतरली, तर अम्ल मुळीच घालू नये. उडून जाते ते पाणी, अम्ल आत राहते. म्हणून शुद्ध केलेले पाणीच घालावे.

ज्यांच्या दुकानी अम्ल विकले जाते, त्यांस सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१३ चा आदेश ठाऊक असेलच : ग्राहकाची नोंदवही, ओळखपत्र, खरेदीचे कारण, आणि अठरा वर्षांखालील कोणासही विक्री नाही.

आम्ही आता तयार अम्लच आणवितो, आणि हायड्रोमीटर १.२८ दाखवितो की नाही, एवढे पाहतो.