क्रम तपासायचा तर आधी तो बिघडवा

असिंक्रोनस डेटा स्ट्रीमची चाचणी वाचताना माझी नजर आधी शोधते ती ‘स्लीप’ची ओळ. तीन घटना पाठवायच्या, दोन सेकंद थांबायचं आणि त्या ओळीने आल्या की चाचणी पास. यातून सिद्ध काय होतं? त्या मशीनवर, त्या वेळच्या लोडखाली घटना त्या क्रमाने पोचल्या, एवढंच. प्रोग्रामने क्रम राखला की तो आपसूक राहिला, हे या चाचणीला सांगताच येत नाही. अपाचेच्या ५१ प्रकल्पांमधल्या, कधी पास तर कधी फेल होणाऱ्या चाचण्यांचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या दुरुस्त्यांमागचं कारण ठरवता आलं, त्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांच्या मुळाशी असिंक्रोनस कामाची नीट वाट न पाहणं होतं आणि आणखी २० टक्क्यांच्या मुळाशी काँकरन्सी. अशा चाचण्या निदान बोंब तरी मारतात. मला जास्त धास्ती वाटते ती कायम हिरव्या राहणाऱ्या चाचण्यांची.

सर्च बॉक्स घ्या. कोणी ‘सा’ टाइप केलं, ३०० मिलिसेकंदांनी ते ‘सातारा’ झालं आणि सर्व्हरकडे दोन विनंत्या गेल्या. आरएक्सजेएस वापरत असाल तर इथे स्विचमॅप हवा, कारण नवा शब्द आला की जुन्या विनंतीचं उत्तर टाकून द्यायचं असतं. मर्जमॅप लिहिला तर जे उत्तर शेवटी येईल तेच स्क्रीनवर राहील. आता चाचणीतला नकली सर्व्हर दोन्ही उत्तरं सारख्याच वेळात देत असेल, तर दोन्ही कोडमध्ये शेवटी साताराच दिसतो आणि दोन्ही पास होतात. ‘सा’चं उत्तर ८०० मिलिसेकंदांनी आणि ‘सातारा’चं २०० मिलिसेकंदांनी यायला लावा. सातारा ५००व्या मिलिसेकंदाला येईल, ‘सा’ वरातीमागून घोडं तसं ८००व्याला, आणि मर्जमॅपचं पितळ तिथेच उघडं पडेल. त्यासाठी खरोखर थांबण्याचीही गरज नाही. टेस्ट शेड्युलरचं आभासी घड्याळ हे सगळं क्षणात उरकतं आणि दर वेळी निकाल तोच देतं. माझं म्हणणं इतकंच आहे : क्रमाची चाचणी म्हणजे नको तो क्रम मुद्दाम घडवून आणणं. नशिबाने जुळलेला क्रम नोंदवून ठेवणं ही चाचणी नव्हे.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ‘आमच्याकडे काफ्का आहे, क्रम तो सांभाळतो.’ सांभाळतो, पण एका पार्टिशनपुरता. खाते क्रमांक ही की ठेवली तर एका खात्याच्या घटना एका पार्टिशनमध्ये जातात. पुढे पार्टिशन वाढवले की कीचा हिशेब बदलतो, त्याच खात्याच्या जुन्या घटना एकीकडे आणि नव्या दुसरीकडे जाऊ शकतात. आवृत्ती ३.० च्या आधी प्रोड्यूसरचं आयडेम्पोटन्स सेटिंग मुळात बंद असे. पहिला गठ्ठा अडखळून पुन्हा पाठवला जाईपर्यंत दुसरा पुढे निघून जाणं त्यात शक्य होतं, आणि आजही कोणी ते सेटिंग बंद केलं तर शक्य आहे. गंमत अशी की चाचणीसाठी बनवलेल्या टॉपिकला बहुधा एकच पार्टिशन असतं. म्हणजे जिथे चूक होऊच शकत नाही, तिथेच आपण ती शोधत बसतो. चाचणीच्या टॉपिकला निदान तीन पार्टिशन द्या आणि घटनांचा ओघ चालू असतानाच ते वाढवून पाहा.

दुसरा आक्षेप वेळेच्या शिक्क्याचा : टाइमस्टॅम्पवर सॉर्ट केलं की झालं. पण शिक्के वेगवेगळ्या मशीनच्या घड्याळांचे असतात, ती घड्याळं थोडी पुढेमागे असतात, एकाच मिलिसेकंदात दोन घटना घडतात आणि दुरुस्तीच्या नादात घड्याळ मागेही सरकतं. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८च्या निबंधात दाखवलं की अशा व्यवस्थेत ‘आधी’ला अर्थ येतो तो कार्यकारणामुळे. एकाच प्रोसेसमध्ये आधी घडलेलं ते आधी, संदेश पाठवणं हे तो मिळण्याच्या आधी. बाकी घटनांना एकमेकींच्या संदर्भात आधी-नंतर काही नसतं. चाचणी लिहिणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. खातं उघडल्यावरच पैसे जमा व्हावेत हा खरा नियम. त्या खात्यातली जमा शेजारच्या खात्यातल्या जमेआधी दिसावी हा नियमच नव्हे. संपूर्ण यादी जशीच्या तशी ताडून पाहणारी चाचणी हा दुसरा, खोटा नियमही लादते. मग कोणी काम समांतर करायला घेतलं की ती फेल होते, आणि तिला गप्प करण्यासाठी सगळं एका पार्टिशनमध्ये कोंबलं जातं. वेग गेला, तोही न मागितलेल्या क्रमापायी.

‘इतके क्रम तपासायचे तरी कसे?’ ही शंका रास्त आहे. दहा घटनांचे क्रम ३६,२८,८०० होतात. पण त्या दोन खात्यांच्या पाच-पाच असतील आणि खात्यातला क्रम वाहिनीच राखत असेल, तर मिसळण्याचे प्रकार उरतात २५२. वाहिनी तोही राखत नसेल, तर एका खात्याच्या पाच घटनांचे सगळे क्रम १२०. हे सगळेच्या सगळे चालवा. याहून मोठ्या संख्येसाठी यादृच्छिक क्रम घ्या, पण क्रम घडवणारा सीड नंबर लॉगमध्ये छापाच. नाहीतर रात्री फेल झालेली चाचणी सकाळी पुन्हा तशी फेल करून दाखवता येणार नाही.

आणि नवी चाचणी पास झाली की लगेच मर्ज करू नका. क्रम राखणारी ओळ, मग ती स्विचमॅप असो, काफ्काची की असो वा सीक्वेन्स नंबरची तुलना, कोडमधून काढून चाचणी पुन्हा चालवा. तरीही ती हिरवीच राहिली, तर ती चाचणी काढून टाका.