गाण्याची चोरी व गायकाची मजुरी

चोरी म्हणजे काय असें कोणास विचारिलें तर दुसऱ्याची वस्तु त्याच्या संमतीवांचून उचलून नेणें ती चोरी, असें उत्तर सहज मिळतें. शेजाऱ्याची सायकल नेली कीं शेजारी पायीं चालूं लागतो. त्यामुळें अपराध कोणता व नुकसान कोणाचें हें लहान मुलासही उमगतें. परंतु कांहीं चोऱ्या अशा आहेत कीं वस्तु धन्यापाशीं जशीच्या तशी राहते आणि तरीही धनी नागविला जातो. गाण्यांच्या चोरट्या नकला, ज्यांस हल्लीं पायरसी म्हणतात, त्या याच जातीच्या होत. सांगली, मिरज व माधवनगर हा आपला मुलूख नाटक व संगीत यांचें माहेरघर म्हणवितो. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं मराठी नाटकाचा पाया घातला तो सांगलींतच. तेव्हां या प्रश्नाचा विचार येथल्या शाळेंत न व्हावा तर कोठें व्हावा?

प्रथम ही चोरी होते कशी तें पाहूं. १९८० नंतरच्या दशकांत विकतच्या कॅसेटीवरून कोऱ्या कॅसेटीवर गाणीं उतरवून तीं स्वस्तांत विकीत. पुढें सीडी आली. मग मोबाईल आला आणि गांवोगांवच्या दुकानांतून थोडक्या रुपयांत मेमरी कार्डांत शेंकडों गाणीं ‘भरून’ मिळूं लागलीं. आतां दुकानही नको. टेलिग्रामवर कोणी अनोळखी मनुष्य नव्या गाण्यांचा गठ्ठा ठेवून देतो. यूट्यूबवरील गाणें परस्पर उतरवून घेण्याचीं साधनें फुकट मिळतात. पैसे भरून वापरावयाच्या ॲपची मोडतोड केलेली आवृत्ति हातोहात फिरते. साधनें बदललीं, परंतु या सर्वांत एक गोष्ट समान आहे. ऐकणाऱ्यास गाणें मिळतें. करणाऱ्यास दाम मिळत नाहीं.

वर्गांत हा विषय निघाला म्हणजे विद्यार्थी बहुधा तीन आक्षेप घेतात. ते मनापासून घेतलेले असतात, म्हणून त्यांस उत्तरही मनापासूनच दिलें पाहिजे.

पहिला आक्षेप असा कीं, एका दिव्यावर दुसरा दिवा लाविला तर पहिल्याचा प्रकाश कमी होत नाहीं. मग एका गाण्याचीं दहा गाणीं केलीं तर बिघडलें कोठें? दृष्टांत सुंदर आहे, परंतु त्यांत तेलाचा हिशेब नाहीं. पहिल्या दिव्यांत तेल कोणीं घातलें? गीतरामायणाचेंच उदाहरण घ्या. आजच्या सांगली जिल्ह्यांतील शेटफळें गांवीं जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांनीं तें रचिलें व सुधीर फडके यांनीं त्यास चाली दिल्या. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, पुणें आकाशवाणीवरून तें सुरू झालें आणि वर्षभर चाललें. एकंदर गीतें ५६. दर आठवड्यास नवें गीत व नवी चाल. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गायक. शिवाय वादक व ध्वनियंत्र सांभाळणारे. आज तीं सारीं गीतें नखाएवढ्या कार्डांत मावतात, म्हणून तीं फुकट निर्माण झालीं असें होत नाहीं. नक्कल केल्यानें गाणें कमी होत नाहीं हें खरें. परंतु मजुरी बुडते. ‘मोबाईल माझा, कार्ड माझें, मग गाणें कोणाचें?’ असें विचारणारा हा शिंप्याकडून सदरा शिवून घेऊन ‘कापड माझेंच होतें’ म्हणत शिलाई न देतां चालता होणाऱ्या गिऱ्हाइकासारखा आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, पूर्वींचे गवई कोठें तिकिटें लावीत होते? पूर्वींही गाणें फुकट नव्हतें. किंमत देणारा निराळा होता, इतकेंच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांस इचलकरंजीच्या अधिपतींचा आश्रय होता. कुरुंदवाड येथें १८७२ सालीं जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेस बुवांपाशीं शिकले, तेव्हां त्यांच्या पाठीशीं मिरजेचे अधिपति होते. राजा खर्च करी आणि प्रजा उत्सवांत ऐके. पुढें पलुसकरांनीं दरबारचा आधार सोडिला, आणि १९०१ सालीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय काढून तें लोकांच्या वर्गणीवर व जलशांच्या उत्पन्नावर चालविलें. संगीताचा आश्रयदाता यापुढें लोक हेच होत, ही गोष्ट त्यांनीं कृतीनें दाखविली. १९४८ सालीं दक्षिणेंतील संस्थानें विलीन झालीं आणि जुना आश्रय सरला. मग आज गवयाचा राजा कोण? जो कोणी कान देऊन ऐकतो तो. तुमच्या हातांतील मोबाईल हाच आतां दरबार. गवयास बोलावून रात्रभर गाणें ऐकावें आणि उजाडतांच त्यास रिकाम्या हातीं वेशीबाहेर घालवावें, अशा राजास आपण काय म्हणूं? तेंच नांव चोरट्या नकला घेणाऱ्यास लागू पडतें.

दुसरा आक्षेप असा कीं, मोठे कलावंत श्रीमंत असतात. त्यांचें काय जातें? २०१६ सालीं ‘सैराट’ हा मराठी चित्रपट निघाला. अजय-अतुल यांनीं त्याच्या संगीतासाठीं लॉस एंजेलिस येथें पाश्चात्य वाद्यवृंदाकडून वादन करवून घेतलें होतें. चित्रपट लागतांच त्याच्या चोरट्या प्रती सर्वत्र फिरूं लागल्या. तरीही त्यानें विक्रमी उत्पन्न मिळविलें. मुलें हाच दाखला पुढें करितात. परंतु वडाच्या चार पारंब्या तोडल्या तरी वड उभा राहतो. रोपट्याचीं चार पानें ओरबाडलीं तर रोपटें मरतें. एखादा खेड्यांतील भजनी किंवा लोकगीतें गाणारा तरुण कर्ज काढून आपलें पहिलें गाणें मुद्रित करितो. तें गाणें दुसराच कोणी आपल्या नांवावर इंटरनेटवर चढवितो. जाहिरातींचें उत्पन्न त्या दुसऱ्यास मिळतें, आणि मूळ गायकाच्या पानावर श्रोत्यांची संख्या थोडी दिसते. ती पाहून कार्यक्रम ठरविणारा म्हणतो, ‘यास कोण ओळखतें?’ अशा रीतीनें एका चोरीनें त्याचें आजचें उत्पन्न जातें आणि उद्यांचें बोलावणेंही जातें. हा फटका त्याच्या तबलजीस, पेटीवाल्यास व मुद्रणशाळेंतील कामगारास पोंचतो. मिरजेंत पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यें घडविणारे कारागीर आहेत. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु गाणाराच पोट भरूं शकला नाहीं, तर तंबोऱ्याची मागणी कोण नोंदविणार?

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. विद्यार्थी म्हणतात, ‘पैसे दिले तरी ते कंपनीकडे जातात, कलावंताच्या हातीं कांहींच पडत नाहीं.’ यांत तथ्य आहे. वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष येथें १८६६ सालीं जन्मलेले पठ्ठे बापूराव यांच्या लावण्या महाराष्ट्रभर गाजल्या, परंतु त्यांचें उत्तरायुष्य हलाखींत गेलें व १९४५ सालीं पुण्यास ते वारले. त्यांच्या दारिद्र्यास एकच कारण होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कवीचें पद परक्या फडांत गायिलें गेलें असतां तेथला पैसा कवीच्या घरीं पोंचविणारी संघटित वाट त्या काळीं नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या युगांतही भांडण मिटलें नाहीं. बालपणीं कांहीं वर्षें सांगलींत राहिलेल्या लता मंगेशकर यांनीं १९६० नंतर, गायकांस ध्वनिमुद्रिकांच्या उत्पन्नांत वाटा हवा, असा आग्रह धरिला. महंमद रफी यांचें मत निराळें पडलें, आणि कित्येक वर्षें उभयतांनीं एकत्र गायन केलें नाहीं. कवि व संगीतकार यांची मानधन गोळा करणारी संस्था १९६९ सालीं निघाली. शेवटीं २०१२ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, चित्रपटगीतांचे कवि व संगीतकार यांचा मानधनाचा समान वाटा त्यांच्याकडून लिहून घेतां येणार नाहीं, असें ठरलें. म्हणजे हा अन्याय दूर झाला तो भांडून, संघटना करून व कायदा बदलून. सावकार शेतकऱ्यास नाडतो म्हणून आपण त्याच शेतकऱ्याचें उभें पीक रात्रीं कापून न्यावें, हा न्याय नव्हे. जेथें मूळ उत्पन्नच बुडतें तेथें कलावंतानें वाटा मागावा तरी कशाचा?

आतां कायदा काय म्हणतो तें थोडक्यांत सांगतों. आपल्या देशांतील कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. कवि व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातींत व मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. माडगूळकर १९७७ सालीं वारले. म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत चालेल. हक्क बुद्ध्या मोडणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. परंतु कायदा अडाणी नाहीं. शाळेच्या कार्यक्रमांत विद्यार्थी व शिक्षक यांनीं गाणें म्हणावें, आणि श्रोते विद्यार्थी, शिक्षक, पालक व शाळेशीं संबंध असलेले लोक इतकेच असावे, तर त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. धर्मविधींत व लग्नाच्या वरातींत वाजविलेल्या गाण्यासही सूट आहे. म्हणून स्नेहसंमेलनांत गाणें म्हणतांना कोणीं भिऊं नये. मात्र त्याच गाण्याची नक्कल करून वांटणें ही निराळी गोष्ट होय.

अलीकडे या चोरीस नवें रूप आलें आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास एखाद्याचा आवाज शिकवून, त्यानें कधीं न गायिलेलें गाणें त्याच्या आवाजांत काढतां येतें. आशा भोसले यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयानें २०२५ सालीं अंतरिम मनाई केली. पूर्वीं गाणें चोरीत. आतां गळाच चोरूं लागले. एक चोरी क्षुल्लक मानिली कीं दुसरी तिच्या मागून येते, ती अशी.

पालकांस एक शंका येईल कीं, ज्याच्यापाशीं पैसे नाहींत त्यानें ऐकूंच नये काय? अवश्य ऐकावें. आकाशवाणी घरोघर आहे. पुष्कळ कलावंत आपलीं गाणीं स्वतःच्याच अधिकृत पानावर ठेवितात. तीं ऐकणाऱ्यास एक पैसा पडत नाहीं, आणि जाहिरातीच्या द्वारें कलावंतास कांहीं मिळतें. मिरजेस अब्दुल करीम खां यांच्या स्मरणार्थ दर वर्षीं होणाऱ्या संगीतसभेंत नामांकित गवयांस समोर बसून ऐकतां येतें. ज्यास देणें शक्य आहे त्यानें द्यावें. ज्यास शक्य नाहीं त्यानें निदान सरळ वाटेनें ऐकावें, आणि गाणें दुसऱ्यास पाठवितांना नक्कल न पाठवितां मूळ पानाचा दुवा पाठवावा. ‘चोरी करूं नको’ ही आज्ञा तुम्ही लहानपणापासून पाठ म्हणतां. ती सोन्यानाण्यापुरती नाहीं. कष्टकऱ्याचा दाम बुडविणें हेंही तिच्या पोटांत येतें. तुमच्यांतीलच कोणी उद्यां गाईल, कोणी चाली बांधील, कोणी वाद्य घडवील. त्याच्या घरची चूल पेटती राहावी ही जबाबदारी आज ऐकणाऱ्या प्रत्येकाची आहे.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न

१. तुमच्या घरांतील मोबाईलमध्यें जीं गाणीं आहेत तीं कोठून आलीं? त्यांतील पांच गाण्यांचे कवि, संगीतकार व गायक यांचीं नांवें लिहा.

२. सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तक आणून वाचणें व त्याच पुस्तकाची नक्कल करून विकणें यांत भेद कोणता?

३. पूर्वीं राजे लोक कलावंतांस आश्रय देत. आतां श्रोते देतात. यांपैकीं कलावंताच्या स्वातंत्र्यास कोणती रीति अधिक पोषक, तें वडील मंडळींशीं चर्चा करून सकारण लिहा.